‘होता’ की ‘असायला हवा होता’?

मी मानवी हक्क शिकवते. आफ्रिकी वंशाच्या लोकांवर होणारा वंशभेद आणि त्याविरुद्ध संयुक्त राष्ट्रांनी केलेलं काम हा भाग आला की कुणीतरी विचारतंच, “मॅडम, इतके ठराव झाले, पण कुणाला काय मिळालं?” आता तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

२००१ साली दक्षिण आफ्रिकेत डर्बनला वंशवादविरोधी जागतिक परिषद भरली. गुलामगिरी आणि गुलामांचा व्यापार हा मानवतेविरुद्धचा गुन्हा आहे, आणि तो नेहमीच तसा मानला जायला हवा होता, असं तिच्या जाहीरनाम्यात आहे. वर्गात मी हे वाक्य फळ्यावर लिहिते आणि विचारते, यात सरळ ‘गुन्हा होता’ असं का नाही? ‘होता’ म्हटलं की झालेल्या नुकसानीची भरपाई मागता येते. वसाहती केलेल्या युरोपीय देशांना नेमकं तेच टाळायचं होतं. भाषेचा तास नसूनही मी त्या क्रियापदावर अर्धा तास घालवते.

भरपाई कधी दिलीच गेली नाही असंही नाही. १८३३ च्या कायद्याने ब्रिटनने आपल्या बहुतेक वसाहतींतली गुलामगिरी संपवली आणि दोन कोटी पौंड वाटले. ते मिळाले मालकांना. सुटलेल्यांना दमडीही मिळाली नाही, उलट ‘उमेदवारी’च्या, म्हणजे काम शिकण्याच्या, नावाखाली आणखी काही वर्षं त्याच मालकांकडे राबावं लागलं. मालकांच्या त्या भरपाईसाठी काढलेलं कर्ज फिटलं २०१५ साली. म्हणजे त्या गुलामांचे जे वंशज ब्रिटनमध्ये कर भरत होते, त्यांच्याही पैशातून ते फिटलं! हे सांगताना आजही माझा आवाज चढतो.

आपले बाबासाहेब संयुक्त राष्ट्रांपुढच्या अशा कागदांकडे फार आधीपासून लक्ष ठेवून होते. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचं कळताच १९४६ मध्ये त्यांनी तिथले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून त्याच्या प्रती मागवल्या. अस्पृश्यांच्या वतीनेही तसाच अर्ज करण्याचा विचार त्यांच्या मनात होता. डू बॉइस यांनी आपुलकीने उत्तर दिलं. पुढच्याच वर्षी त्यांनी स्वतः संपादित केलेलं मोठं निवेदन संयुक्त राष्ट्रांपुढे ठेवलं, पण अमेरिकेने ते पुढे सरकू दिलं नाही.

मग २०२० चा जून. अमेरिकेत पोलिसाच्या हातून झालेल्या कृष्णवर्णीय जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर आफ्रिकी देशांच्या मागणीवरून संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत तातडीची चर्चा झाली. फ्लॉइडचा भाऊ व्हिडिओवरून मदत मागत होता. ठरावाच्या पहिल्या मसुद्यात अमेरिकेसाठी चौकशी आयोग होता. अंतिम ठरावातून तो गेला. मला ही माघार अजूनही खुपते. तरी वर्षभराने पोलिसी वंशभेदाची तपासणी करणारी स्वतंत्र तज्ज्ञ यंत्रणा उभी राहिली, तीही अमेरिकेपुरती नाही, जगभरासाठी.

म्हणून ‘काय मिळालं’ याचं माझं उत्तर असं: पैसे नाहीत, पण हातात धरून भांडता येईल असा कागद मिळाला. कॅरिबियन देशांनी २०१३ मध्ये भरपाई आयोग नेमला आणि पुढच्या वर्षी दहा कलमी मागणी मांडली. तिच्यात पहिलं कलम आहे पूर्ण, औपचारिक माफीचं. २०२५ साठी आफ्रिकी संघानेही भरपाई हाच विषय ठरवला. डर्बनमध्ये टाळलेला ‘होता’ ते आजही मागताहेत.