ओळखपत्र दोघांच्याही गळ्यात होतं

दादरला घोषणेचा भोंगा कर्कश वाजला आणि माझ्या ऑटिस्टिक (स्वमग्न) लेकाने कान गच्च दाबून फलाटावरच बसकण मारली. शेजारच्या काकूंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "आई नोकरी करते वाटतं?"

ऑफिसचं ओळखपत्र माझ्या गळ्यात होतं. नवऱ्याच्याही होतं. त्याला मात्र कुणी काही विचारलं नाही!

काकूंना तरी काय बोलणार? एके काळी मोठमोठे डॉक्टरही ऑटिझमचं खापर आईच्या कोरडेपणावर फोडायचे. 1964 मध्ये बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञांनी ते खोडून काढलं. ते स्वतः ऑटिस्टिक मुलाचे वडील.

उद्या थेरपीसाठी चारलाच निघायचंय. रजेचा अर्ज मीच टाकायचा, हे आमच्या घरात कधी आणि कुणी ठरवलं?