ब्रिस्टल : मतदारांना ‘नाही’ म्हणणारी पत्रं

कॉर्न स्ट्रीटवर जुन्या एक्स्चेंजच्या दारासमोर कमरेएवढ्या उंचीची चार ब्राँझची मेजं उभी आहेत. इथे त्यांना ‘नेल्स’ म्हणतात. व्यापारी त्यांवर रोख पैसे मोजून सौदा पुरा करत. मी गेले तेव्हा एकीवर कोणीतरी कॉफीचा कागदी पेला विसरून गेलं होतं. वर घड्याळाला दोन मिनिटकाटे : एक ग्रिनिचचा, दुसरा दहा मिनिटं मागे, खास ब्रिस्टलचा. आपल्या शहराची वेळसुद्धा आपलीच, असा हा गावचा जुना ताठा!

भाची इथे शिकते. “मावशी, सगळे झुलता पूल बघायला येतात, तू पत्रांच्या मागे काय लागलीस?” म्हणाली. पूल दुपारी पाहिला, सुंदरच आहे. पण मला एडमंड बर्क या अठराव्या शतकातल्या इथल्या खासदाराने ब्रिस्टलला लिहिलेली पत्रं वाचल्यापासून ही गल्ली पाहायची होती.

बर्क मूळचा डब्लिनचा. १७७४ साली तो ब्रिस्टलमधून पार्लमेंटवर निवडून आला आणि निकालानंतरच्या भाषणातच त्याने बजावलं, की तुमचं मत मी ऐकेन, पण निर्णय माझ्या बुद्धीने घेईन. तेव्हा ते ऐकून घेतलं असेल. जिंकलेला उमेदवार काहीही बोलतो. हा मात्र तसाच वागला.

१७७८ मध्ये आयर्लंडच्या व्यापारावरची बंधनं सैल करण्याचा प्रस्ताव आला. ब्रिस्टलचे व्यापारी खवळले. आयरिश माल मोकळा सुटला तर आपलं बंदर बसलं, ही भीती. बर्क प्रस्तावाच्या बाजूने. मर्चंट व्हेंचरर्स ही इथल्या व्यापाऱ्यांची बडी संस्था. तिचे प्रमुख सॅम्युअल स्पॅन यांना त्याने २३ एप्रिलला पत्र लिहिलं : जग आपल्या दोघांना पुरेल एवढं मोठं आहे, आपणच त्याला अपुरे पडू नये. पाठोपाठ २ मे रोजी एका पेढीला दुसरं पत्र. या वागण्यापायी पुढच्या वेळी मतं गेली तरी चालेल, मतदार चुकताहेत असं वाटल्यावर निदान एकाने त्यांना विरोध केला, अशी नोंद तरी राहील, असंही त्या सुमारास तो म्हणाला. मतदारसंघाला असं बजावणारा खासदार माझ्या पाहण्यात नाही.

मतं गेलीच. सप्टेंबर १७८० मध्ये रंग पाहून त्याने स्वतःच माघार घेतली. अर्थात मतदारांचीही बाजू होती : हा गृहस्थ सहा वर्षांत इकडे फारसा फिरकलाच नव्हता! आणि पुढे तो गेला माल्टनला, एका उमरावाच्या मुठीतल्या मतदारसंघात. तिथे समजूत काढायची ती एकट्या मालकाची. तत्त्वाला हे जरा सोयीचंच पडलं.

सेंटर नावाच्या चौकात त्याचा पुतळा आहे, १८९४ सालचा, हात पुढे केलेला. खाली कोरलेलं वाक्य आहे १७८० च्या भाषणातलं, म्हणजे शहराने त्याला नाकारलं त्याच वर्षीचं. थोड्या अंतरावर कोल्स्टनचा रिकामा चौथरा. गुलामांच्या व्यापारात पैसा केलेल्या त्या माणसाचा पुतळा २०२० मध्ये लोकांनी ओढून बंदराच्या पाण्यात टाकला. भाचीने फोटो चौथऱ्याचा काढला, बर्ककडे पाठ करून.

तिला मी मग बसथांब्यावर राघोबादादांची गोष्ट सांगितली. बर्कचं ब्रिस्टल सुटलं त्याच्या पुढच्याच वर्षी, १७८१ मध्ये, इंग्रजांची मदत मागायला दादांचे वकील हणमंतराव विलायतेत आले होते. ब्राह्मण, परक्याच्या हातचं चालेना, लंडनमध्ये हाल. बर्कने त्यांना बीकन्सफील्डच्या आपल्या घरी नेलं आणि स्वयंपाक-सोवळ्यासाठी बागेतलं काचघर मोकळं करून दिलं.

“काचघरात? टोमॅटोसारखे?” भाची.

ते घर १८१३ साली जळालं. नाहीतर परतताना वाट वाकडी करून तिथेही उतरले असते.