अक्षरे नसलेले नाणे

मामांच्या नाण्यांच्या डब्यातल्या एका पिवळट पाकिटावर पेन्सिलीने ‘रशिया, १० कोपेक, १९१६’ एवढेच लिहिले आहे. आतले चिमुकले नाणे दोन ग्रॅमही भरत नाही आणि त्यातही चांदी निम्मीच. डब्यातले १९१५ चे असेच नाणे मी सहज शेजारी ठेवून भिंगाखाली धरले, तेव्हा दिसले की त्यावर दुतोंडी गरुडाच्या शेपटीच्या दोन्ही अंगांना रोमन ‘बी’ आणि ‘सी’ वाटावीत अशी दोन बारीक अक्षरे आहेत. रशियन लिपीत त्यांचा उच्चार ‘व्ह’ आणि ‘स’. ती तिथल्या टांकसाळीतल्या अधिकाऱ्याची आद्याक्षरे. १९१६ च्या नाण्यावर मात्र ती जागा कोरी आहे.

कोरी असणारच, कारण हे नाणे रशियात पाडलेलेच नाही. ते जपानमधल्या ओसाकाच्या टांकसाळीत पाडले गेले. ज्या जपानने १९०५ साली त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत झारच्या आरमाराची धूळधाण उडवली, तोच आता महायुद्धात दोस्त झाला होता आणि झारला त्याच्याकडून दहा आणि पंधरा कोपेकांची मिळून सोळा कोटींहून अधिक नाणी पाडून घ्यावी लागली.

ही वेळ आली ती लोकांच्या शहाणपणामुळे. १९१४ साली युद्ध सुरू होताच सरकारने नोटांच्या बदल्यात सोने देणे थांबवले. लोकांनी ओळखायचे ते ओळखले आणि आधी सोन्याची, मग चांदीची आणि शेवटी तांब्याचीही नाणी घरात दडवली. दुकानात सुटे मिळेनासे झाले, तेव्हा १९१५ साली सरकारने जाड कागदावर चक्क टपाल तिकिटेच छापली आणि ती चांदीच्या चिल्लरीच्या बरोबरीने चालतील असे त्यांच्या पाठीवर, जिथे एरवी डिंक असतो तिथे, लिहून टाकले. दहा कोपेकांच्या तिकिटावर खुद्द झार निकोलसचा चेहरा होता. घामट खिशात त्या चेहऱ्याचे काय होत असेल, याची कल्पना केलेली बरी. (चांदीची चणचण आपल्याकडेही पोचलीच; १९१७ च्या अखेरीस एक रुपयाची नोट निघाली ती त्यामुळेच.)

ओसाकाहून आलेली नाणीही फार काळ फिरली नसावीत. मार्च १९१७ मध्ये निकोलसने सिंहासन सोडले. मामांचे नाणे तर इतके लख्ख आहे की गरुडाची पिसे मोजावीत. मी ते पाकिटात परत ठेवले आणि मामांच्या अक्षराखाली, पेन्सिलीनेच, ‘ओसाका’ एवढे लिहिले.