सड्याखालची रेघ

एका गावाच्या गावठाणाची वाढीव हद्द म्हणून मी नकाशावर रेघ आखली. त्या रेघेवर आलेला हरकतीचा अर्ज पंधरा दिवस माझ्या टेबलावर आहे. रोज उघडते, वाचते आणि परत फायलीत घालते.

गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, सड्याच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळाच्या, पायथ्याचं. घरं वाड्यावाड्यांत विखुरलेली, गावठाण म्हणून आखलेला तुकडा एवढासा. भावाभावांत वाटण्या होऊन तिथे आता पडवी वाढवायलाही जागा नाही. ग्रामसभेने विस्ताराचा ठराव केला. गावठाणाची हद्द ठरवायचा अधिकार जमीन महसूल संहितेच्या कलम १२२ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांचा. पण रेघ कुठून जावी, हे आधी आमच्यासारख्या नकाशे आखणाऱ्यांनी सुचवायचं असतं.

पहिल्या मसुद्यात मी विस्तार सरळ सड्यावर दाखवला होता. सातबाऱ्यावर सडा ‘पोटखराब’. मोकळा, सपाट, कुणाचं भातखाचर जात नाही. पिकत नाही म्हणून खराब! या एका शब्दाने कोकणातल्या किती सड्यांचा निकाल लावला असेल, याचा मला आता फार राग येतो. तेव्हा मीही त्याच शब्दावर विसंबले होते.

आमच्या कामातली खरी कटकट बाहेर कुणाला माहीत नसते. गावनकाशावर सर्व्हे नंबर असतात, पण डोंगर नसतो. टोपोशीटवर, म्हणजे उंचसखलपणा दाखवणाऱ्या नकाशावर, डोंगर असतो, पण सर्व्हे नंबर नसतात. दोन्ही एकमेकांवर बसवताना ओढा, पायवाट, देऊळ अशा खुणा जुळवत डोळे दुखतात. १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकाम नको, असा नियम आहे. १:५०,००० च्या टोपोशीटवर समोच्च रेषा, म्हणजे समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दर २० मीटर उंचीला एक. म्हणजे दोन रेषांमध्ये २ मिलिमीटरपेक्षा कमी अंतर भरलं की ती जागा बाद. मी पट्टी लावून सगळा डोंगर तपासला. कडा बाद झाला आणि सडा, सपाट असल्यामुळे, पास झाला.

सप्टेंबरात पावसाने उघडीप दिली तेव्हा वर गेले. कातळावर सीतेची आसवं ही इवली फुलं निळीजांभळी पसरली होती. पण मला थांबवलं ते कड्याखालच्या झऱ्याने. सड्याचा जांभा दगड सच्छिद्र असतो. सड्यावरचा पाऊस त्यात मुरतो, खालच्या चिकट मातीच्या थरावर अडतो आणि कड्याच्या पायथ्याशी बाहेर पडतो. गावाची पिण्याच्या पाण्याची टाकी त्याच झऱ्यावर भरते. सड्यावर घरं आली की घरटी एक शोषखड्डा येणार, आणि तोही त्याच जांभ्यात मुरणार. माझ्या मसुद्याने गावाचं सांडपाणी गावाच्याच पाण्यात सोडलं होतं, आणि नियमाप्रमाणे त्यात एकही चूक नव्हती.

कार्यालयात हे मांडलं तर वरिष्ठ म्हणाले, “पाणी हा आपला विषय नाही.” मग तो कुणाचा, हे त्यांनी सांगितलं नाही. भांडून, झऱ्याचे फोटो लावून मी सडा वगळला आणि रेघ रस्त्याकडेच्या वरकस, म्हणजे भात न होणाऱ्या हलक्या जमिनीतून नेली. याचा मला अभिमान आहे.

पण ती वरकस जमीन मुंबईत स्थायिक झालेल्या एका कुटुंबाची. तिचा भाव आता वाढणार. आणि अर्ज ज्यांचा आहे त्या काकांचा सड्यावरचा हिस्सा हीच सगळी मालमत्ता. नव्या रेघेला लागून, बाहेरच्या अंगाला. दोन मुलगे, लग्नाचे. मोजणीच्या दिवशी ते माझ्यासोबत कडेपर्यंत चालत आले. “ताई, पहिल्या नकाशात आम्ही आत होतो ना?” एवढंच विचारलं. १:४००० च्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची लाल रेघ जमिनीवर २ मीटर जागा खाते. त्यांचा बांध त्या रेघेला चिकटूनच आहे. त्यांच्या एका घराने झरा नासणार नाही, हे मला कळतं. त्यांना आत घेतलं तर शेजारच्या हिश्श्याला काय सांगायचं, तेही कळतं.

सुनावणीआधी अभिप्रायाचा रकाना भरायचा आहे. ‘झऱ्याचे पाणलोट क्षेत्र’ ही पहिली ओळ लिहून झाली. त्याखाली काकांच्या मुलांनी घर कुठे बांधावं, ते लिहिल्याशिवाय मला सही करायची नाही. आज पुन्हा गावनकाशा पसरून बसले आहे. देवळामागे सरकारी पड जमिनीचा एक लहान तुकडा दिसतो आहे, त्याचा उतार उद्या मोजणार आहे.