सात मासे आणि एक बादली

घरच्या टाकीत पाळायला मासे हवे होते, म्हणून सकाळी साडेसहाला ओढ्यात उतरलो. मासे धरायला हीच वेळ बरी. ऊन चढलं की पाणी तापतं आणि तापल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो: 20 अंशांना लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम, 30 अंशांना 7.5. वाहत्या पाण्यातल्या माशाला एवढा फरकही जिवावर बेतू शकतो. कोणते मासे संरक्षित, कुठे धरायला मनाई, हे आधीच विचारून घेतलं होतं, तुम्हीही घ्या.

पहिला तासभर जाळं घेऊन माशांमागे धावलो. हाती लागला पाचोळा. मग अक्कल आली. जाळं खालच्या अंगाला तळाशी घट्ट टेकवायचं आणि वरच्या अंगाचे दगड पायाने हलवत यायचं. दडलेला मासा प्रवाहाबरोबर आपणहून जाळ्यात. पहिली मुरी, म्हणजे दगडाखाली दडणारा छोटा मासा, अशीच आली. करंगळीएवढी, अंगावर काळपट पट्टे, तोंडाशी बारीक मिशा. हात ओला करूनच धरा, कोरड्या हाताला तिच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो. हलवलेले दगड पुन्हा होते तसे ठेवले. त्यांच्याखाली किड्यांची, अंड्यांची वस्ती असते.

चार मुऱ्या, तीन चंदेरी पिल्लं. बस्स. मागच्या खेपेला हाव नडली होती: एका बादलीत पंधरा मासे, बादली डिकीत, घरी पोचेस्तोवर अकरा उताणे. या वेळी झाकणाची बादली, बॅटरीवरचा एअर पंप, बाहेरून ओलं फडकं. वाटेत खायला काही घालू नका, पाणी नासतं.

टाकी सहा आठवडे आधीच चालू केली होती. माशांच्या अंगातून सुटणारा विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये रुजायला साधारण तेवढा वेळ लागतो. पण मासे आधी चार आठवडे वेगळ्या टाकीत. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग बाहेरून येतो आणि औषध लागू पडतं ते फक्त पाण्यात मोकळ्या फिरणाऱ्या जंतूंवर, म्हणून डोस पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. उलटही खरं: घरात ठेवलेला मासा परत ओढ्यात सोडू नका, टाकीतला रोग तिकडे जाईल.

कोरड्या गोळ्यांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी डासांच्या जिवंत अळ्या टाकल्या, आणि दगडाखालून चारही मुऱ्या बाहेर.

आता तीन आहेत. चौथी एका रात्री एअर पाइपच्या फटीतून उडाली, सकाळी फरशीवर सापडली. फटीत स्पंज कोंबलाय.