कान कापलेली भुरी

गेल्या मार्चमध्ये आईचा फोन आला तेव्हा इथे सिंगापुरात रात्रीचे अकरा वाजून गेले होते. "अगं, कूलर साफ करायला माणूस आला होता. मागची ताटी काढली तर आत चार पिल्लं! डोळे पण उघडले नाहीत त्यांचे. काय करू आता?"

नागपूरकरांना यात नवल वाटायचं नाही. पावसाळा लागला की खिडकीबाहेरचा कूलर जो बंद होतो, तो पार होळीपर्यंत. आत कोरडा वाळा, तिन्ही बाजूंनी आडोसा, कुत्र्यांचा हात पोहोचणार नाही इतकी उंची. मांजरीला बाळंतपणाला याहून चांगली खोली कुठे मिळणार? आईने ताटी परत लावून टाकली आणि पारा चाळिशीकडे सरकत असताना तीन आठवडे नुसत्या पंख्यावर काढले. मग एका पहाटे त्यांच्या आईने, भुरीने, पिल्लं एकेक करून तोंडात धरली आणि शेजारच्या जिन्याखाली नेली. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात, त्यातलं आमचं पहिलं.

भुरीचं ते वर्षभरातलं दुसरं वेत. प्रतापनगरमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये १२ फ्लॅट आणि तोवर ११ मांजरं झाली होती. हिशेब साधा आहे. मांजरीचे दिवस भरायला नऊ आठवडे लागतात, एका वेतात तीन-चार पिल्लं होतात, पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा माजावर येऊ शकते आणि त्या पिल्लांतल्या माद्या पाच-सहा महिन्यांत स्वतः गाभण राहतात. यातली निम्मीअधिक पिल्लं गाडीखाली, कुत्र्यांच्या तोंडी किंवा आजाराने जातात. ती कुठे जातात हे आपण पाहत नाही, एवढंच.

मला एक गोष्ट इथे लिहायचीच आहे. मी सातवीत असताना आमच्या जुन्या घरी एक मांजर फार यायची, दुधाचं पातेलं सांडायची. मांजर मारली तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं, म्हणून मारायचं कुणाच्या मनातही येत नसे. पोत्यात घालून लांब सोडून यायचं, हा सर्वमान्य उपाय. बाबांनी स्कूटर काढली, मी मागे बसून पोतं मांडीवर धरलं होतं. आतून तिचा श्वास माझ्या तळहाताला लागत होता. तिला आम्ही अंबाझरी तलावाच्या पलीकडे सोडलं. दुसऱ्या दिवशी माळ्यावरून बारीक आवाज यायला लागले तेव्हा कळलं की तिला पिल्लं होती. त्यातलं एकही जगलं नाही. आणि महिन्याभरात दुसरी मांजर आली, कारण दूध, उंदीर आणि माळा तिथेच होता.

ही शेवटची गोष्ट मला नीट समजली ती सिंगापुरात आल्यावर.

इथे बहुतेक लोक सरकारी वसाहतींच्या उंच इमारतींत राहतात. या घरांत मांजर पाळायला १९८९ पासून बंदी होती, ती उठली थेट १ सप्टेंबर २०२४ ला. आता एका घरात दोन मांजरं ठेवता येतात, पण परवाना आणि मायक्रोचिप हवी. म्हणजे ३५ वर्षं कागदोपत्री वसाहतीत मांजर नव्हती आणि प्रत्यक्षात प्रत्येक इमारतीच्या खालच्या मोकळ्या तळमजल्यावर होती. २००३ मध्ये सार्स या श्वसनाच्या आजाराच्या साथीत सरकारने नसबंदीची आधीची योजनाही गुंडाळली आणि भटकी मांजरं मोठ्या संख्येने पकडून मारली. लोकांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. पुढे २०११ मध्ये सरकार आणि इथली कॅट वेल्फेअर सोसायटी मिळून अनुदानाची नसबंदी योजना पुन्हा सुरू झाली. इतक्या शिस्तीच्या देशालाही पकडून-मारून प्रश्न सुटत नाही हे कळायला वेळ लागला, हे मी मुद्दाम सांगते. 'तिकडे जमतं, आपल्याकडे नाही' असं म्हणणाऱ्यांसाठी.

आमच्या इमारतीखालच्या मांजरांचं पाहणाऱ्या एक चिनी आंटी आहेत. साठीच्या पुढच्या, निवृत्त. रोज रात्री दहाला खाली येतात. फरशीवर जुना पेपर अंथरतात, त्यावर मोजून कोरडं खाणं ठेवतात, बाजूला पाण्याची वाटी. मग वीस मिनिटं बाकावर बसून राहतात. खाऊन झालं की पेपर गुंडाळून कचऱ्यात, आणि बाटलीतल्या पाण्याने ती जागा पुसून काढतात. इथे मांजराला खाऊ घालणं गुन्हा नाही, घाण ठेवणं गुन्हा आहे. पहिल्यांदा मला वाटलं, दयाळू बाई. मग त्यांची वही पाहिली. कोण आलं, कोण नाही, कोण लंगडत होतं, कोणाचा कान पूर्ण आहे. त्या म्हणतात, "मी जेवायला घालत नाही, हजेरी घेते."

कानाचं सांगायला हवं. नसबंदी झालेल्या मांजराच्या डाव्या कानाचं टोक, साधारण एक सेंटीमीटर, भूल असतानाच सरळ कापतात. ऐकायला क्रूर वाटतं, मलाही वाटलं होतं. पण तेवढ्यामुळे लांबून कळतं की हिचं झालंय, हिला पुन्हा पकडून पोट उघडायची गरज नाही. आणि कान पूर्ण असलेली नवीन मांजर आली की त्याच रात्री दिसते.

आंटींबरोबर पहिल्यांदा पिंजरा लावला तेव्हा मी खांबामागे उभी होते. आत ट्यूना. मांजर दोनदा दारापर्यंत येऊन परत गेली. तिसऱ्यांदा पाय आत पडला, पाटी दबली आणि दार खटकन पडलं. पुढची दहा सेकंद फार वाईट असतात. ती जाळीवर अंग आपटते. आंटींनी धावत जाऊन पिंजऱ्यावर जाड टॉवेल टाकला आणि आत एकदम शांतता. अंधार झाला की मांजर निवते.

मला कळलेली खरी गोष्ट ही: मांजर पकडू शकतो तो फक्त तिला रोज ठरल्या वेळी खाऊ घालणाराच. नगरपालिकेची गाडी कधी येणार आणि मांजर कुठल्या कौलावर असणार! रोज दहाला येणारी मांजर मात्र नेमकी दहाला येते. आपल्याकडे सोसायट्यांत सगळा राग खाऊ घालणाऱ्यावर निघतो. कुत्र्यांवरून तर २०२२ मध्ये आपल्या नागपूर खंडपीठाने, खाऊ घालायचं असेल तर दत्तक घ्या, असं म्हटलं होतं आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. त्या वादात मी पडत नाही. पण खाऊ घालणाऱ्याला हाकलून दिलं की नसबंदीची किल्लीच हरवते. त्याच्याकडून वेळ, स्वच्छता आणि वही मागावी. कायदाही आता तेच सांगतो: २००१ चे प्राणी जन्मनियंत्रण नियम नावापासूनच फक्त कुत्र्यांचे होते, २०२३ च्या नव्या नियमांत मांजरंही आली आणि आवारातल्या प्राण्यांसाठी खाण्याची जागा अन् वेळ ठरवून देणं हे सोसायटीचं काम झालं.

डिसेंबरात तीन आठवड्यांची सुट्टी घेऊन नागपूरला गेले ती हे डोक्यात ठेवूनच. जायच्या महिनाभर आधी आईला फोनवर सांगितलं, दूध-पोळी बंद कर. मोठ्या मांजरांना दूध बहुधा पचत नाही, ढाळ लागते. कोरडं खाणं, रोज रात्री आठला, पार्किंगच्या त्याच कोपऱ्यात, आणि अर्ध्या तासाने ताटली उचलायची. आई म्हणाली, "तू तिथून हुकूम सोडून राहिली, इथे मला जिने चढता येत नाहीत." पण केलं तिने. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा विरोध होता. त्यांच्या गाडीवर बोका लघवीचा फवारा मारायचा आणि रात्रभर भांडणं व्हायची. त्यांचा त्रास खरा होता. मी त्यांना एवढंच म्हटलं, काकू, हे दोन्ही नसबंदीने बरंच कमी होतं, मला तीन आठवडे द्या.

पिंजरा विकत मिळेना, तो वेल्डरकडून करून घेतला. पहिल्या दवाखान्याने रस्त्यावरचं मांजर म्हटल्यावर ठरलेली वेळ ऐनवेळी रद्द केली. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवलेली मांजर पिंजऱ्यात आणि आम्ही रस्त्यावर. भुलेआधी पोट रिकामं लागतं, म्हणून ती केविलवाणी ओरडत होती. दुपारी दुसऱ्या डॉक्टरांनी होकार दिला आणि पुढची सगळी त्यांनीच केली. ज्या शहरात पशुवैद्यक महाविद्यालय आहे, पशुविज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय आहे, तिथे मांजराची नसबंदी करणारा शोधायला दुपार उजाडावी, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

अठरा दिवसांत नऊ झाली. बोके दुसऱ्या दिवशी सोडले. माद्यांना तीन-चार दिवस आमच्या बाल्कनीत पिंजऱ्यातच ठेवलं, टाके आतून विरघळणारे. सगळ्यांना रेबीजची लस दिली आणि जिथून उचललं तिथेच सोडलं, दुसरीकडे नाही. भुरी सगळ्यात शेवटी सापडली. सहा रात्री ती पिंजऱ्याभोवती फिरून गेली. सातव्या रात्री आईनेच काकूंकडून सुक्या बोंबलाचे दोन तुकडे मागून आणले. काकूंनी दिले, आणि दार पडेपर्यंत त्याही गॅलरीत उभ्या होत्या.

या मार्चमध्ये कूलर वेळेवर लागला. काकूंचं म्हणणं की गाडीचा वास पुष्कळ कमी झालाय, पूर्ण गेलेला नाही. राहिलेल्या दोघांपैकी एक पिवळा बोका दिवाळीपासूनच दिसला नव्हता, दुसरी काळी कुणाच्याच हाती लागत नाही. आईने एका जुन्या वहीत रकाने आखलेत, आणि काळीच्या रकान्यात रोज 'आली, पण लांबून' असं लिहिलेलं असतं.

परवा आईचा फोन आला. "एक नवीन आली आहे, पांढरी. दोन्ही कान पूर्ण. आठची वेळ पकडायला लागली आहे. पिंजरा माळ्यावरून खाली काढून ठेवलाय, डॉक्टरांची मंगळवारची वेळ घेतली. उपाशी किती तास ठेवायचं, ते पुन्हा एकदा सांग."