गारेगारची पेटी, कुल्फीचा माठ आणि जाडं मीठ

परभणी-नांदेडकडे वैशाखात पारा 42-43 वर जातो, आणि त्या उन्हात सायकलवर गारवा विकत फिरायचं. पूर्वी या धंद्यात गाडीपाशी वीज नव्हतीच. होता बर्फ, लाकूड, बारदान आणि जाडं मीठ. लहानपणी 'गारेऽगार' ऐकलं की ओंजळभर ज्वारी नाहीतर मोडकं लोखंड घेऊन आपण पळत सुटायचो. पेटीत काय चाललंय याकडे तेव्हा लक्ष कुणाचं असणार? ते सांगण्यासाठी हे लिहितोय, कारण ही कारागिरी नीट समजून घेण्यासारखी आहे.

आधी गारेगारची कांडी. ती गावात बनत नसे, तालुक्याच्या बर्फ कारखान्यातून यायची. तिथे मिठाच्या पाण्याची मोठी टाकी असते. यंत्र ते पाणी शून्याच्या खाली दहा-पंधरा अंशांवर ठेवतं, मीठ असल्यामुळे ते स्वतः गोठत नाही. रंगीत गोड पाण्याने भरलेले पत्र्याचे साचे त्यात उतरवायचे, काड्या लावायच्या, आणि अर्ध्या-पाऊण तासाने साचा साध्या पाण्यात क्षणभर बुडवून कांड्या ओढून काढायच्या. साच्याला गंजून बारीक भोक पडलं असेल तर टाकीतलं पाणी आत शिरतं. कधीमधी एखादी कांडी खारट लागायची, ती त्यामुळे.

शंभर भाग पाकात बारा ते पंधरा भाग साखर ठीक. वीसच्या वर गेली की कांडी मऊ राहते आणि काडी एकटीच हातात येते. साखर वाचवायला सॅकरिन घातलं तर गोडी येते, पण गोठणबिंदू खाली येत नाही. मग कांडी दगडासारखी होते आणि जिभेवर कडवट चव राहते. रस चोखून घेतल्यावर पांढरा बर्फ हातात उरायचा, त्याचं कारण वेगळं. गोठताना आधी शुद्ध पाण्याचे स्फटिक बनतात. साखर आणि रंग त्यांच्या फटींत ढकलले जातात. आपण फटींतला पाक ओढून घ्यायचो.

सायकलच्या कॅरिअरवरच्या पेटीला दोन भिंती, मधे लाकडाचा भुसा, पुढे थर्माकोल आलं. झाकण नेहमी वरून. गार हवा जड असते, वरचं झाकण उघडलं तरी ती तळाशी बसून राहते. बाजूला दार ठेवलं असतं तर दर गिऱ्हाइकाला बाहेर सांडली असती. गच्च भरलेली पेटी दुपार काढते, कारण कांड्याच एकमेकींना गार ठेवतात. अर्धी रिकामी झाली की वितळणं झपाट्याने वाढतं. म्हणून जाणता विक्रेता उरलेल्या कांड्या एका कोपऱ्यात दाटीने लावून वर ओलं पोतं दाबायचा. दुपार कलली की तो भाव पाडायचा, तेही याचसाठी.

खरी कला कुल्फीच्या माठात. पाच लिटर म्हशीचं दूध मंद आचेवर अडीच लिटरपर्यंत आटवायचं, कडेची साय खरवडून परत आत घालत राहायचं. तळ करपला तर तो वास वेलदोड्यानेही झाकत नाही. साखर साडेतीनशे ग्रॅम, तीही शेवटी. कमी आटवलेलं दूध कॉर्नफ्लॉवरने दाट करणारे असतात. दिसायला कुल्फी होते, पण जिभेवर खळीसारखी चिकटते. दूध पूर्ण गार करूनच साच्यात भरायचं. कोमट भरलं तर बर्फ फुकट जातो आणि गोठणं रेंगाळतं. जितकं हळू गोठेल तितके स्फटिक मोठे, म्हणजे कुल्फी कचकचीत. गोठताना दूध फुगतं, म्हणून साचा काठोकाठ भरायचा नाही. झाकण लावून फट कणकेने लिंपायची.

आता माठात साच्यांभोवती भरायचा बर्फ आणि मीठ. नुसता बर्फ शून्य अंशावर वितळतो, त्यात कुल्फी धड घट्ट होत नाही. बर्फावर मीठ पडलं की तो शून्याच्या खालीच वितळू लागतो, आणि वितळायला लागणारी उष्णता शेजारच्या दुधातून ओढतो. तीन-चार भाग बर्फाला एक भाग जाडं मीठ धरलं तर शून्याखाली अठरा-वीस अंशांपर्यंत जाता येतं. उणे 21 च्या खाली हे मिश्रण जातच नाही, त्यामुळे जास्तीचं मीठ तळाशी पडून राहतं. दहा किलो बर्फाला अडीच-तीन किलो पुरतं. बारीक मीठ लगेच विरघळून खाली जातं, जाडं हळूहळू काम करतं. बर्फ लाकडी मोगरीने सुपारीएवढा फोडायचा. मोठ्या खड्यांमधे हवा राहते आणि गारवा साच्यापर्यंत पोचत नाही.

नवखे लोक साठलेलं खारं पाणी लगेच ओतून देतात. ते चूक आहे. तेच साच्याला चहूबाजूंनी भिडतं. झाकणाच्या कडेला पोचेल इतकं वाढलं तरच कमी करायचं, नाहीतर कुल्फी खारट. माठ दर दहा मिनिटांनी हलवत राहायचा. तो स्थिर राहिला तर दूध बाहेरून घट्ट होतं आणि पाक मधोमध साठून मऊ राहतो. तासाभरात कुल्फी घट्ट होते. देताना साचा आधी साध्या पाण्यात धुवायचा: मीठ जातं आणि कडाही सुटते. मग तळव्यांत फिरवून काडी खुपसायची.

माठाभोवती लाल ओलं फडकं शोभेसाठी नसतं. आपल्याकडची उन्हाळी हवा कोरडी, पाणी भराभर उडतं आणि फडकं बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी गार राहतं. मुंबईच्या दमट हवेत हा फायदा इतका मिळत नाही. फडकं सुकू दिलं की बर्फ लवकर संपतो, हे येरमाळ्याच्या चैत्री यात्रेत दिवसभर उभं राहणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

आता राजस्थानातून येणारे मेवाड आइस्क्रीमवाले सजवलेल्या गाड्या घेऊन उन्हाळाभर गावोगाव दिसतात. कंपन्यांच्या काही गाड्यांत फ्रीजरच्या भिंतींत मिठाच्या पाण्यासारखं द्रावण भरलेल्या बंद पट्ट्या असतात. रात्री वीज लावून त्या गोठवायच्या, दिवसभर त्या वितळत माल गार ठेवतात. रात्रीच भारनियमन झालं तर दुपारी आइस्क्रीम पातळ होतं. एकदा वितळून पुन्हा गोठलेलं लगेच ओळखू येतं: वर बर्फाची खर आणि कडेने आकसलेलं.

पोरांना गोळा घेऊन देताना मात्र बर्फाचा रंग पाहा. 2018 पासून राज्यात खाण्यासाठी नसलेला बर्फ निळसर करायचा नियम आहे. माठातल्या साच्यांभोवती तो चालेल, रंध्यावर किसायला नाही.